सकाळच्या यादीतलं नाव

भिवंडी,
२१ फेब्रुवारी

प्रिय अपू,

पाकीट बघून दचकू नकोस. माझी तब्येत आहे तशीच आहे. सोमवार-गुरुवारचं डायलिसिस नियमित चालू आहे, वजन आटोक्यात आहे आणि तू सांगितल्याप्रमाणे भाज्या उकळून, ते पाणी ओतून देऊन मगच खातो. पत्र अशासाठी की फोनवर मी काही सांगायला लागलो की तू मध्येच गोळ्यांचं विचारतेस, आणि मला तेवढं निमित्त पुरतं. गेले तीन रविवार हेच झालं. सांगायचं होतं एक आणि बोलत बसलो तुझ्या अथर्वच्या शाळेच्या बसबद्दल. तू ठेवलास की मी फोन हातात धरून तसाच बसून राहायचो.

तुला जिव्या आठवतो का? दिवाळीत तू मला केंद्रावर सोडायला आली होतीस, तेव्हा शेजारच्या बेडवरच्या माणसाने बायकोला उठवून तिचं स्टूल तुला दिलं होतं. काळासावळा, हाडापेराने मोठा. 'बसा ताई, तुमचे बाबा तुमच्याच गोष्टी सांगतात' म्हणाला होता. तो जिव्या गेला. अकरा जानेवारीला, रविवारी पहाटे. बेचाळीस वर्षांचा होता.

माझी मूत्रपिंडं गेली तेव्हा तू किती भांडलीस ते मी विसरलेलो नाही. ठाण्याच्या खाजगी हॉस्पिटलात नाव घालते म्हणालीस, मी ऐकलं नाही. एकतीस वर्षं तालुक्याच्या आरोग्य विभागात कारकुनी केलेला माणूस मी. लसीकरणाचे तक्ते, साथीचे अहवाल, बदल्यांच्या टिपण्या, सगळं या हाताने लिहिलं. दुसऱ्यांसाठी जे चालवलं ते माझ्यावर वेळ आल्यावर मला चालत नाही, असं कसं म्हणू? आळीतले लोक तोंडावर बोलले. बोडसांच्या सुनेने तर विचारलं, काका, सरकारीत सुया तरी नव्या असतात का? मी हसलो. आतून मात्र पहिल्या दिवशी भ्यालोच होतो. हाताच्या नसेत ती जाड सुई गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, आणि शेजारून आवाज आला, 'भाऊसाहेब, बघू नका तिकडं. माझ्याकडं बघा. मी हाय ना, दोन वर्सं जित्ता हाय.'

'भाऊसाहेब' त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. कदाचित माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन बघून म्हणाला असेल. तेव्हापासून मी त्याचा भाऊसाहेब झालो.

दापोड्याच्या गोदामात तो माल उतरवायचा. पंधरा वर्षं. पाठ दुखली की मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि पुन्हा गाडीला लागायचं. त्या गोळ्यांनीच मूत्रपिंडं खाल्ली असं डॉक्टर म्हणाले. घर दिघाशीच्या पुढच्या पाड्यावर. बायको सखी, आणि एक मुलगी रोशनी, अंबाडीला बारावीत. अपू, दिघाशी हे नाव मी नोकरीत हजारदा तरी लिहिलं असेल. इतकी लोकसंख्या, इतकं उद्दिष्ट, इतकं साध्य. माझ्यासाठी ती तक्त्यातली एक ओळ होती. तिथे नाचणी कुठल्या उतारावर होते, पाड्यावरचा झरा कुठल्या महिन्यात आटतो, हे मला चौदा महिन्यांत जिव्याने सांगितलं. आम्हा दोघांनाही दिवसाला जेमतेम लिटरभर पाण्याची मुभा, त्यातच चहा आणि आमटीही मोजायची. त्यामुळे बोलणं फिरून पाण्यावरच यायचं. मे महिन्यात तो त्या झऱ्याचं वर्णन करायचा आणि मी म्हणायचो, पुरे कर रे, घसा सुकतो. मग दोघेही हसायचो. सिस्टर ओरडायची, हात हलवू नका.

ती विद्युल्लता सिस्टर तू पाहिलीस. तिथली सगळी व्यवस्था तिच्यावर. पाच मशीन, तीन वेळा. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. सकाळची जागा सगळ्यांनाच हवी असते, कारण अकराला सुटलं की अंगातलं त्राण जाण्याआधी घरी पोचता येतं. जिव्याला तर सकाळच हवी होती. अंबाडीकडच्या एसट्या दुपारपर्यंत बऱ्या, संध्याकाळनंतर भरवसा नाही. तो पहाटेच्या गाडीने यायचा आणि बाराच्या गाडीने सखीच्या खांद्यावर डोकं टाकून परत जायचा.

दिवाळीच्या आधी तिथे एक सर्वेक्षण झालं. टॅब घेतलेली एक मुलगी बेडबेडवर फिरत होती. सरकारी आरोग्यसेवेबद्दल लोकांचं मत काय, दर्जा कसा वाटतो, सर्वांना समान वागणूक मिळते का. पूर्ण सहमत, सहमत, असहमत. नारपोलीचे अन्सारी चाचा जन्मभर लूमच्या खडखडाटात काम केलेले, त्यामुळे ओरडूनच बोलतात. 'डॉक्टर टाइम पे नहीं आता, लिखो! एसी बंद है, लिखो! लेकिन ये बंद मत करना, वो सबसे ऊपर लिखो!' जिव्याला तिने समान वागणुकीचं विचारलं तर तो म्हणाला, 'मशीनला कुठं कळतं ताई, कोन कुठला हाय त्ये? सगळ्यांचं रगत सारखंच धुते.' मुलगी म्हणाली, म्हणजे पूर्ण सहमत लिहू? तो म्हणाला, लिवा. मी तर तिला दहा मिनिटांचं व्याख्यानच दिलं. रांग ही या देशातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे, रांगेत उभं राहायची लाज वाटणाऱ्यांनीच ही व्यवस्था बिघडवली, वगैरे. तिने तेही 'पूर्ण सहमत'मध्येच घातलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर एक मशीन बंद पडलं. भाग बाहेरून यायचा होता, वेळ लागणार होता. प्रत्येक वेळेतला एकेक माणूस मागे ढकलून शेवटी संध्याकाळची वेळ लांबवायची असं ठरलं. सकाळच्यांपैकी एकाने संध्याकाळी जायचं. नियम सरळ होता आणि सिस्टरने तो सगळ्यांसमोर सांगितला, जो सगळ्यात नवीन त्याने जायचं. सकाळच्या पाचांत सगळ्यात नवीन मी होतो.

त्या दुपारी मी तुला फोन केला, आठवतं? मी काय काय म्हणालो ते तुला आठवत नसेल, मला शब्दन्‌शब्द आठवतो. रात्री साडेनऊला सुटणार म्हणालो. चक्कर आली तर रिक्षात कोण आहे म्हणालो. तुझी आई असती तर वेगळी गोष्ट होती, असंही म्हणालो. त्यातलं खोटं काही नव्हतं. पण तू कुणाला तरी सांग, असं मी म्हटलं नाही, म्हणायची गरजच नव्हती. मी अशा आवाजात बोललो की तू स्वस्थ बसणार नाहीस हे मला माहीत होतं. तुझ्या मैत्रिणीचा नवरा वरच्या कार्यालयात आहे, हेही मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, बाबा, काम झालं, सकाळीच जायचं. मी म्हणालो, कशाला गं त्रास घेतलास. आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

सोमवारी गेलो तर माझा बेड तयार होता. शेजारचा बेड भिंतीला लावून ठेवलेला. मी विचारलं, जिव्या? सिस्टर सुई बांधत होती. मान वर न करता म्हणाली, 'त्यांना संध्याकाळी टाकलंय, काका. वरून यादी बदलून आली.' एवढंच. मी पुढे विचारलं नाही. मला विचारायची गरजही नव्हती, अपू. सरकारी यादी कशी बदलते हे मला कुणी शिकवायला नको. एक नाव वर घ्यायचं तर दुसरं खाली सरकवावं लागतं, आणि सरकवताना असं नाव बघतात ज्याच्या मागून फोन येणार नाही.

त्या क्षणी मी सुई काढा म्हणायला हवं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि पडून राहिलो. मनात म्हणालो, तो तरणा आहे, त्याला झेपेल. महिनाभराचा तर प्रश्न आहे.

डिसेंबरात एकदा तो मला भेटला. मी अकराला सुटून बाहेर आलो तर हा व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला. मी म्हटलं, तुझी वेळ पाचची ना? तर म्हणाला, यायला सकाळचीच गाडी बरी पडते, म्हणून येऊन बसतो. सहा तास. आम्ही टपरीवर एका चहाचे दोन भाग केले. मी विचारलं, रात्री जातोस कसा? तो म्हणाला, जात न्हाय. नारपोलीला गोदामातल्या जुन्या सोबत्याचा भाऊ लूमवर हाय, त्याच्या माळ्यावर झोपतो. 'खाली लूम चालू आसतात रातभर. पन झोप लागते भाऊसाहेब, मशीनची सवय झाली आता.' आणि यादीबद्दल म्हणाला, 'कोनाचा तरी नंबर लागनारच व्हता. माझा लागला.'

मी ते ऐकून घेतलं आणि उरलेला चहा प्यायलो.

आता जे लिहितो ते मी स्वतःशीसुद्धा नीट बोललेलो नाही. आपल्या घरात पुढची खोली रिकामी आहे. केंद्रापासून रिक्षाने दहा मिनिटं. आठवड्यातल्या दोन रात्री तो तिथे झोपू शकला असता. मला सुचलं नाही असं नाही, टपरीवर उभा असतानाच सुचलं होतं. मग मनात आलं, सखी बरोबर असते, तिचंही करावं लागेल. आळीत विचारतील, कोण आहेत, कुठले आहेत. तुझ्या आईच्या हातची भांडी. असलं काहीबाही आलं. चौदा महिने ज्याच्या शेजारी माझं रक्त त्याच यंत्रांतून फिरलं, त्याला मी घरी ये म्हणालो नाही. सांभाळून राहा म्हणालो आणि रिक्षात बसलो.

पुढचं मला नंतर कळलं. नाताळच्या सुमारास त्या लूमच्या मालकाने माळ्यावर कुणाला झोपू द्यायचं नाही असं सांगितलं. दोन वेळा जिव्या आणि सखी केंद्राच्या व्हरांड्यात झोपले, मग रखवालदाराने उठवलं. थंडी होती. तेव्हापासून त्याने सोमवार सोडला, गुरुवारीच यायला लागला. मग एक गुरुवारही चुकला. पाय सुजले, आडवं पडलं की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून बसून रात्री काढल्या. त्या रविवारी दवाखान्याची गाडी बोलावली होती, गाडी आलीही, पण तो तोवर गेला होता.

तो गेल्याचं मला सोमवारी सिस्टरने सांगितलं. सांगताना ती रडली. मला रडू आलं नाही, नुसती थंडी वाजायला लागली. तिने दोन ब्लँकेटं घातली. त्यानंतर नऊ दिवसांनी मशीनचा भाग आला. आता पाचही मशीन चालतात. सिस्टरला मी म्हटलं, मला संध्याकाळी टाका. ती म्हणाली, 'कशाला काका? सकाळी आता जागा आहे.' शेजारचा बेड पुन्हा लावला आहे आणि तिथे काही दिवस कुणीच नव्हतं.

बाराव्याला गुरुवार होता, माझा दिवस. म्हणून मी त्याच्या पुढच्या रविवारी दिघाशीला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. स्टँडवरून पाड्यापर्यंत चालताना दोनदा बसलो. सखीने मला ओळखलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर पाणी आणलं, आणि तेही अर्धाच पेला. 'तुमाला जास्त चालत न्हाय ना,' म्हणाली. मग बसून सगळं सांगितलं, मघाशी लिहिलं ते. आवाज न चढवता. शेवटी म्हणाली, 'तुमी व्हते म्हनून त्यांचं मन रमायचं. घरी आलं का भाऊसाहेब असं म्हनले, भाऊसाहेब तसं म्हनले. संध्याकाळचं झाल्यापासून बोलायलाच कोनी न्हाय म्हनायचे.' अपू, तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन उठलो असतो. तिने माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मी त्या खाल्ल्या.

मग रोशनी आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत बापाचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले. कार्ड पुढे करून म्हणाली, 'भाऊसाहेब, तुम्हाला ऑफिसातलं कळतं म्हणून विचारते. नवीन पेशंटनी संध्याकाळी जायचं असा नियम होता ना? बाबा तर सगळ्यात जुना. मग बाबाचं नाव कसं गेलं?' मी कार्ड हातात घेतलं. तारीख माझ्याआधी दोन वर्षांची. मी म्हणालो, मशीन बिघडलं होतं ना. ती म्हणाली, ते माहीत आहे, पण नाव कसं गेलं? मी म्हणालो, बघतो, चौकशी करतो. मुलगी म्हणाली, 'आम्हाला पैसे-बिसे नको. आई विचारत राहते, त्यांचंच नाव का? तिला सांगायला पाहिजे काहीतरी. तुम्ही अर्ज लिहून द्याल का? तुमची भाषा चांगली आहे, बाबा म्हणायचा.'

मी हो म्हणालो.

येताना एसटीत खिडकीशी बसलो होतो आणि तू लहान असताना तापाने फणफणली होतीस ती रात्र आठवत होती. तेव्हा मी दवाखान्यात रांगेत दोन तास तुला खांद्यावर घेऊन उभा होतो, मी तिथलाच कर्मचारी असूनसुद्धा. ती गोष्ट मी तुला किती अभिमानाने सांगायचो. तो अभिमान कुठे गेला ते कळत नाही. गेल्या आठवड्यात पेपरात त्या सर्वेक्षणाची छोटी बातमी होती, बहुतेक रुग्ण समाधानी. त्या बहुतेकांत मी आहे, आणि जिव्याही आहे.

अर्ज मी तीनदा लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, 'प्रशासकीय कारणास्तव यादीत बदल करण्यात आला.' एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच गेला. फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं, 'कोणाच्या तरी शिफारशीवरून.' तोही फाडला. तिसऱ्यांदा सरळ लिहिलं की नियमाप्रमाणे संध्याकाळी जाण्याची पाळी माझी होती, माझ्या सांगण्यावरून माझ्या मुलीने फोन केला, त्यावरून माझं नाव राहिलं आणि जिव्याचं गेलं. सिस्टरचा यात दोष नाही, तिला वरून आलेली यादी पाळावी लागली, हेही लिहिलं. तुझं नाव घातलेलं नाही, तुझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचंही नाही, पण चौकशी झाली तर विचारतील आणि मी खोटं सांगणार नाही. तुझी मैत्रीण तुटेल. तुलाही कदाचित उत्तर द्यावं लागेल. म्हणून हे पत्र. तो कागद दुसऱ्या कुणाच्या हाती पडण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. एक मार्चला, रविवारी, मी तो घेऊन पाड्यावर जाणार आहे. सखीला वाचता येत नाही, म्हणून तिच्यासमोर बसून मीच वाचणार आहे, आणि मग रोशनीला सही करायची असेल तर ती करेल. मला पुन्हा दारात उभं करायचं नसेल तर तेही त्या दोघी ठरवतील. तू येशील का, हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतो. तू काही वाईट केलंस असं मला वाटत नाही, अपू. तू बापासाठी फोन केलास. तुझ्या जागी मी असतो तर मीही केला असता, आणि रात्रंदिवस मला तेवढंच सलत राहतं. रोशनीनेही केला असता गं. तिच्याकडे लावायला नंबर नव्हता.

तुझाच,
बाबा